कॅसेटचा उरलेला भाग

मन्मथ शेटकारला माणसं बसवून ठेवता यायची. त्याच्यात हा एकच गुण होता आणि त्यावरच त्याचं पोट चालायचं. लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नवी नवी कार्यालयं उघडत होती, माझे मिस्टर कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागले होते, आणि आम्ही ज्या पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो तिथंच पलीकडच्या खोलीत मन्मथ राहायचा. पंचविशीचा, सडपातळ, कपाळाला विभूती, तोंडात कायम सुपारी. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं व्हिडिओ सेंटर होतं. अंधारी खोली, खाली सतरंजी, पुढं टीव्ही. सिनेमा ऐन रंगात आला की तो बंद करायचा, "मशीन तापलंय" म्हणायचा आणि चहा-शेंगा विकायचा. लोक शिव्या द्यायचे, पण उठून कुणी जायचं नाही.

आज हे आठवायचं कारण माझी मुलगी. ती पुण्याला असते आणि तिच्या बाळाला दोन दिवसांपासून ताप आहे. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "आई, डॉक्टरांचा व्हिडिओ पाहिलाय मी. त्यात सगळं सांगितलंय. तू झोप." मी विचारलं, "पूर्ण पाहिलास का?" तर हसली. तिचं हसणं चूक नाही, मी पहिल्यापासून काळजी करणारीच बाई आहे. पण झोप काही येत नाही, म्हणून मन्मथबद्दल लिहीत बसले आहे.

शहाऐंशीचा उन्हाळा होता. त्याआधीचा पावसाळा कोरडा गेलेला. मांजरा नदीचं पात्र पांढरं पडलं होतं, नळाला कधी पाणी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि सिनेमाचं तिकीट काढायला कुणी फिरकत नव्हतं. त्याच सुमारास लातूरच्या सरकारी दवाखान्यात एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि आरोग्याच्या कॅसेटींचं खोकं आलं. केसपेपर काढून ताटकळत बसलेल्या लोकांना ते दाखवायचं, म्हणजे बसल्या बसल्या त्यांना चार गोष्टी कळतील, अशी योजना होती. पण यंत्र कुणाला चालवता येईना. आरोग्य खात्यातले आप्पासाहेब मन्मथच्या सेंटरचे जुने गिऱ्हाईक. ते त्याला रोजंदारीवर घेऊन गेले.

पहिल्या दिवशी जुलाबाची कॅसेट लागली. बाळाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, त्याची. पडद्यावर इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई चकचकीत ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "प्रथम एक लिटर स्वच्छ पाणी उकळून गार करून घ्या."

मागून एक म्हातारी ओरडली, "आगं बये, पानीच न्हाई तर उकळू काय, माती?"

सगळा हॉल हसला आणि निम्मा उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मन्मथनं आपल्या सेंटरमधला एक मारामारीचा सिनेमा नेला. आधी तोच लावला. गुंडांनी नायकाच्या आईला खांबाला बांधलं, तिथं थांबवला आणि आरोग्याची कॅसेट आत सरकवली.

"ए शेटकार, सिनेमा लाव की!"

"लावतो ना मामा. तिच्या मायला सोडवायचंय ना? मग आधी हे लेकराचं बघा. हे बघितल्याबिगर माय सुटत नसती."

बाईचा आवाज बारीक करून तो स्वतःच बोलायला लागला. "ही बाई पुण्याची हाय. हिच्या नळाला पानी येतंय, आपल्या नळाला वारं येतंय. म्हणून काय झालं? टँकरचं का असंना, फडक्यातून गाळा आन् उकळा. मीठ तीन बोटाच्या चिमटीत. चिमटीत म्हणलो मावशे, मुठीत न्हाई, लोनचं घालायचं न्हाई आपल्याला. साखर मूठभर. आन् आधी सोता चाखून बघा. आसवापेक्षा खारट लागलं तर टाकून द्या."

लोक हसायचे आणि ऐकायचे. पुढच्या आठवड्यापासून हॉलमध्ये उभं राहायला जागा नसे. बिमार नसलेलेही येऊन बसायचे. पार्वतीबाई म्हणून लहान मुलांच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्या सांगायच्या की बाया आता बाळाला पाणी पाजत पाजतच घेऊन येतात, आधी कोरडं ठेवून आणायच्या. तेव्हा मन्मथच्या हातून काही झालंच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण ती कॅसेट तिथं संपत नव्हती. हे मला फार वर्षांनी कळलं. पाणी प्यायलेलं पडद्यावरचं बाळ खुदकन हसायचं, आणि त्यानंतर पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर टेबलामागं बसून कागदात बघत बोलायचे. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, ते गुंगीत राहू लागलं, शौचातून रक्त पडलं, तर पाणी पाजत पाजत ताबडतोब दवाखान्यात आणा. एवढंच. पण कोटातले डॉक्टर दिसले की लोक चुळबूळ करायला लागायचे. दुपारी लाइट जायची. त्याच्या आत सिनेमा संपला नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी बसणार नाही, हे मन्मथला धंद्यातून ठाऊक होतं. म्हणून बाळ हसलं की तो कॅसेट थांबवायचा. त्यात वावगं काही आहे असं त्याला वाटलं नाही. दवाखान्यात येऊन बसलेल्या माणसाला दवाखान्यात या म्हणून काय सांगायचं? ते तर आलेलेच आहेत. एकदा आप्पासाहेब आपल्या वरच्या साहेबांना घेऊन आले, भरलेला हॉल बघितला, मन्मथची पाठ थोपटली आणि गेले. शेवटपर्यंत तेही बसले नाहीत.

मन्मथची थोरली बहीण तारामती त्याच उन्हाळ्यात लातूरला आली. आई लवकर गेल्यावर तिनंच मन्मथला वाढवलं होतं. आम्ही सगळे तिला ताराक्का म्हणायचो. तिचं सासर नांदेड जिल्ह्यात, नायगावच्या पुढं एका खेड्यात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला मुलगी झाली होती. महानंदा. गावची विहीर आटली तसं नवऱ्यानं, शंकरप्पानं, मायलेकींना भावाकडं आणून सोडलं.

"पाऊस पडला की न्यायला येतो," तो मन्मथला म्हणाला. "पोरीला संभाळ रे बाबा. आमच्याजवळ दुसरं काय हाय?"

लातूरला तरी कुठं पाणी होतं! पण दवाखान्याच्या हॉलमध्ये पंखे होते आणि कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. ताराक्का रोज सकाळी महानंदाला कडेवर घेऊन भावाबरोबर तिथं जायची. तिला ती कॅसेट तोंडपाठ झाली. संध्याकाळी खोल्यांपुढं बसून ती त्या इस्त्रीच्या साडीवाल्या बाईची नक्कल करायची, कमरेवर हात ठेवून, "प्रथम एक लिटर" म्हणायची, आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. एके दिवशी तिला जुलाब सुरू झाले. ताराक्कानंच पाणी करून आणलं, चमच्यानं पाजलं, मुलगी दुपारपर्यंत खेळायलाही लागली. तरी मी संध्याकाळी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं.

"वहिनी, कालेज शिकून तुमचं काळीज लईच बारीक झालंय बघा," ताराक्का दारातून म्हणाली. "पोरगी हसून खेळून राहिली. आता डाक्टर काय येगळं करणार?"

डॉक्टरांनीही तपासून घरी पाठवलं. परत येताना मला माझीच लाज वाटली. आता वाटते ती हळहळ वेगळीच. माझ्या भित्रेपणातला थोडा तरी ताराक्काला चिकटला असता तर!

जून सरता सरता शंकरप्पा मायलेकींना घेऊन गेला. मन्मथनं भाचीला चांदीचे वाळे केले होते. एसटी सुटताना ताराक्कानं खिडकीतून हात काढून भावाचं डोकं कुरवाळलं.

श्रावणात मिस्टरांच्या कचेरीत नांदेडहून फोन आला. शेटकारांना सांगा, भाची दवाखान्यात आहे. माझं माहेर नांदेडचं, पंचमीला मला जायचंच होतं, म्हणून मी मुलीला घेऊन मन्मथबरोबर निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तो सारखा एकच वाक्य म्हणत होता. "अक्काला सगळं येतंय वहिनी. मी सोता शिकवलोय. काळजीचं काम न्हाई."

वॉर्डात महानंदाला सलाईन लावलं होतं. वाळे पायातून काढून ताराक्कानं पदराच्या गाठीला बांधले होते. मुलगी जिवंत होती, श्वास चालला होता, पण झटके येऊन गेले होते आणि उजवा हात-पाय लुळा पडल्यासारखा झाला होता.

ताराक्का आमच्याकडं बघून बोलायलाच लागली, कुणी काही विचारायच्या आत. "पहिल्या दिशीच पानी केलं. उकळून, गाळून, चाखून बघितलं. प्याली बी. दुसऱ्या दिशी जुलाब कमी झाले म्हणून मी खुश. डोळे आत गेल्यावानी दिसले, ते मला वाटलं थकलीय. मुतली न्हाई, वाटलं पानी अंगी लागलालंय. कॅसेटीतलं लेकरू पानी पिऊन हसतंय ना रे मन्या? तसं ही कवा हसती म्हणून मी वाट बघत बसले. तिसऱ्या दिशी तिनं डोळे फिरवले."

सासू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "साखरा पाजून पाजून घालवली पोर. मीठ किती टाकलं कुणाला ठाव."

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, थकलेले होते. "दोन दिवस आधी आणायला काय झालं होतं?" म्हणून आधी ओरडले. मग केसपेपर बघून आवाज खाली आणला. "पण बाई, तुम्ही पाणी पाजत राहिलात म्हणून ही आज आहे. नाहीतर इथपर्यंत पोचली नसती. कुणी शिकवलं?"

ताराक्कानं मन्मथकडं बोट केलं. "ह्यानं. माझा भाऊ हाय. लातूरला दवाखान्यात कॅसेट दाखवतो."

आजूबाजूच्या बाया मन्मथकडं बघायला लागल्या. एक तर हात जोडून म्हणाली, "भाऊ असावा तर असा." मन्मथ बाहेर गेला. मी मागून गेले तर तो व्हरांड्यातल्या नळाखाली डोकं धरून उभा होता. मला वाटलं, भाचीचे हाल त्याला बघवले नाहीत.

लातूरला परत आल्यावर तो कॅसेट उलटी दाखवायला लागला. आधी कोटातले डॉक्टर, तेही आवाज मोठा करून, मग बाकीचं. नंतर सिनेमा दाखवणंच त्यानं बंद केलं. लोक उठून जायला लागले. हा दाराशी उभा राहून त्यांना अडवायचा, "आरं आइका, दोन मिनिटं आइका," म्हणून अंगावर धावून जायचा. आप्पासाहेबांनी एकदा आमच्यासमोर त्याला विचारलं, "शेटकार, तुझी जादू कुठं गेली रे? भरलेला हॉल तू ओस पाडलास."  दिवाळीपर्यंत टीव्हीवर कापड पडलं, मग टीव्हीच कोठीच्या खोलीत गेला. मन्मथनं सेंटरही विकलं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. लग्न झालं, दोन मुलं झाली, पण तो पहिल्यासारखा बोलका राहिला नाही. बायको म्हणायची, सिनेमावाला म्हणून करून घेतला आणि मुका निघाला.

महानंदाला मात्र तो सोडत नव्हता. व्यायामासाठी तिला नांदेडला न्यायचं तर हा लातूरहून एसटीनं जायचा, नायगावहून तिला घ्यायचा, दिवसभर दवाखान्यात बसायचा. ती चालायला लागली, पाय ओढत का होईना. उजवा हात कोपरात दुमडलेलाच राहिला. डाव्या हातानं लिहायला शिकली, नायगावला कॉलेजही केलं. लग्नाचं कुठं जमलं नाही. दोन स्थळं आली, हात बघून गेली.

आणि ताराक्का? बारसं असो, लग्न असो, एसटीच्या थांब्यावर अनोळखी बाई भेटो, ती सांगायचीच. "माझी पोरगी माझ्या भावानं वाचवली. त्यानं शिकवलं म्हणून." ती सुरू झाली की मन्मथ उठून जायचा. लोक म्हणायचे, किती साधा माणूस, स्तुती सहन होत नाही.

दर पंचमीला ती माहेरपणाला यायची. दर पंचमीला तो ठरवायचा, आज सांगायचं. तो मला पुढं म्हणाला, "एसटीतून उतरायच्या आतच अक्का माझं कौतुक सुरू करायची वहिनी. मग तोंड कसं उघडावं? मला माय न्हाई. हीच एक होती."

अशी तीस वर्षं गेली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ताराक्का मधुमेहानं पायाला जखम होऊन लातूरच्या एका दवाखान्यात पडली. शंकरप्पा गेला होता, महानंदा सोबत होती. मी डबा घेऊन भेटायला गेले, तेव्हा मन्मथ पायथ्याशी स्टुलावर बसला होता. केस पांढरे, कपाळाला विभूती तशीच. भिंतीवरच्या टीव्हीवर मधुमेहाच्या रुग्णांनी पायाची काळजी कशी घ्यावी, त्याचा व्हिडिओ चालू होता. सगळ्या वॉर्डात तो एकटा मान वर करून बघत होता.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बंद करा की ते. कोन बघतंय? सारखं तेच तेच."

"आसं म्हणू नगा बाई," ताराक्का म्हणाली. "माझी ही पोरगी आशाच कॅसेटीनं वाचली. ह्या माझ्या भावानं—"

"अक्का," मन्मथ म्हणाला. "ती कॅसेट मी अर्धीच दाखवत होतो."

"म्हंजे?"

"लेकरू हसल्यावर संपत नव्हती ती. पुढं डाक्टर होता. मी तिथं बंद करायचो. सिनेमासाठी."

ताराक्का कोपरावर उठून बसली. "काय म्हनायचा डाक्टर?"

मन्मथनं सांगितलं. जमिनीकडं बघत, शाळेतली पोरं पाठ म्हणतात तसं, एका सुरात. "डोळे खोल गेले तर. लघवी थांबली तर. गुंगीत राहिलं तर. पाणी पाजत पाजत ताबडतोब..."

ताराक्कानं हात वर केला. तो थांबला. महानंदा खिडकीपाशी डब्यातलं वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. मला उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना.

मग ताराक्का बोलली, ते आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हतं. "मग माझ्या हातानं मीठ जास्ती पडलं नव्हतं?"

"न्हाई अक्का."

"सासू मरस्तोवर म्हनली. मीठ टाकून पोरीचा हात घालवलीस म्हनली. मी तिला उलटून बोलले न्हाई. मला बी तेच वाटायचं. कॅसेट खोटी कशी आसंल? माझ्या मन्यानं दाखवलेली. मग मीच चुकले आसणार." ती थांबली. श्वास लागला होता. "चारचौघांत तुझं नाव घेत होते ना, ते का घेत होते म्हणतोस? तुझं चांगलं सांगितलं की माझं कुणी इचारत न्हाई. डाक्टर चांगलं म्हनला, तेवढंच धरून बसले मी. आजबी सैपाकात मीठ मी सोता टाकत न्हाई, पोरीला इचार."

मन्मथनं महानंदाकडं बघितलं. तिनं मान हलवली.

"तवाच का न्हाई सांगितलास?" ताराक्कानं विचारलं.

तो स्टुलावरून उठला.  तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"मामा," महानंदा हळूच म्हणाली, "तुम्ही जरा भायेर बसा."

पुढं महिनाभर तो रोज डबा घेऊन जात होता. ताराक्का जेवायची. दुकान कसं चाललंय, पाणी आलं का, एवढं विचारायची. पण अनोळखी माणसांना भावाची गोष्ट सांगणं तिनं बंद केलं. त्या वर्षी पंचमीला ती आली नाही, पाय बरा नव्हता म्हणून. पुढच्या पंचमीच्या आधीच ती गेली.

तिच्यानंतर महानंदा लातूरला मामाकडंच येऊन राहिली. एका झेरॉक्सच्या दुकानात ती टायपिंग करते. मी मध्यंतरी त्यांच्याकडं गेले होते. मन्मथला आता कमी ऐकू येतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, मी काही विचारलं नव्हतं तरी, तो म्हणाला, "कॅसेट बंद करत होतो ते आडाणीपनानं वहिनी. ते तिनं सोडलं आसतं. तवाच सांगितलो आसतो तर अक्का वर्षभर बोलली नसती. दोन वर्षं म्हणा. मग बोलली आसती."

 महानंदानं डाव्या हातानं एक एक करून दोन कप आणून ठेवले, मामाचा कप त्याच्या हाताशी सरकवला आणि आत निघून गेली.